साडेदहाला नरम पडणारा क्रोसाँ: दोष बाजारातला की घरचा?

रविवारच्या शेतकरी आठवडे बाजारात सकाळी साडेसातला टेबल मांडताना क्रोसाँ, म्हणजे लोण्याचे पदर घालून भाजलेला फ्रेंच पदार्थ, दोन बोटांत दाबला की कुरकुर ऐकू येते. साडेदहाला त्याच खेपेतला दुसरा दाबला तर बोट आत रुततं, वरचे पापुद्रे ओल्या कागदासारखे बोटाला चिकटतात आणि खालच्या बटर पेपरवर तेलकट डाग पसरलेला असतो. गिऱ्हाईक उचलून पाहतं आणि परत ठेवतं. सव्वाअकराला बाजार उठतो तेव्हा चाळीसातले पंधरा नग शिल्लक. गेल्या वर्षी फेब्रुवारी ते जुलै माझ्या टेबलावर हेच चाललं होतं. मधला एखादा रविवार अगदी छान जायचा, आता जमलं असं वाटायचं, आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच. अशा येऊन-जाऊन त्रास देणाऱ्या दोषाने माणूस फार थकतो, कारण आपण काय बरोबर केलं आणि काय चुकलं हेच कळत नाही.

आता तो त्रास जवळजवळ गेला आहे. तो कसा सापडला ते सविस्तर लिहिते. सोलापूर, बार्शी, पंढरपूर अशा कोरड्या, तापणाऱ्या गावांत घरच्या ओटीजीवर, म्हणजे ओट्यावरच्या छोट्या विजेच्या ओव्हनवर, असे फ्रेंच पदार्थ करणाऱ्यांना पुस्तकांतल्या सूचना पुऱ्या पडत नाहीत. 'खोलीच्या तापमानाला ठेवा' असं तिथे लिहिलेलं असतं तेव्हा ती खोली वीस-एकवीस अंशांची असते. जुळे सोलापुरातलं माझं स्वयंपाकघर एप्रिलमध्ये पहाटे चारलाही तिशीच्या खाली येत नाही.

ऊन हा पहिला संशयित

कृषी पणन मंडळाने २०१६ मध्ये संत सावता माळींच्या नावाने शेतकरी आठवडे बाजारांची मोहीम काढली. सावता महाराज आपल्याच जिल्ह्यातल्या अरणचे, म्हणून त्या नावाचं मला अप्रूप आहे. अशा बाजारात पहिला मान शेतमालाला असतो आणि तो असायलाच हवा. आमच्या भागातल्या बाजारातही घरगुती पदार्थवाल्यांना कडेची चार-पाच टेबलं मिळतात. कडेची, म्हणजे उन्हाकडची. माझ्या एका बाजूला सांगोल्याचे डाळिंबवाले अण्णा बसतात, दुसऱ्या बाजूला कडक भाकरी आणि शेंगा चटणी विकणाऱ्या अक्का.

त्यामुळे क्रोसाँ नरम पडले की मी उन्हालाच दोष दिला. सोलापूरचं ऊन, एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर, आणखी काय पुरावा हवा? मोठी छत्री घेतली. काचेची पेटी घेतली, ती आणखी वाईट निघाली, कारण काचेतून ऊन आत जातं आणि आतली गरम हवा बाहेर पडत नाही. मग बर्फाच्या पिशव्या घातलेला थंड डबा आणला. ही माझी सगळ्यात मोठी चूक. ओव्हनमधून काढलेले क्रोसाँ अर्ध्या तासात त्या डब्यात भरले. त्यांच्या अंगातली वाफ थंड भिंतींवर जमली आणि थेंब होऊन त्यांच्यावरच पडली. शिवाय भाजलेल्या पिठातला स्टार्च फ्रिजसारख्या गारव्यात सगळ्यात लवकर शिळा होतो. कालची पोळी फ्रिजमध्ये ठेवली की कशी वातड होते, तेच. पैसे घालून मी माल आणखी बिघडवला.

घरी ठेवलेला साक्षीदार

खरा धागा हाती लागला तो अगदी साध्या गोष्टीने. एका रविवारी दोन क्रोसाँ स्वयंपाकघरातच जाळीवर उघडे राहिले. सासूबाईंनी साडेदहाच्या सुमारास त्यातला एक चहाबरोबर मोडला आणि मला बाजारात फोन केला. "अगं, घरातलाबी मऊच पडलाय. आत पावासारखा झालाय. तू तिकडं उन्हाला कशाला बोल लावतीस?"

घरात ऊन नव्हतं, छत्री नव्हती, डबा नव्हता, स्कूटीवरचे धक्केही नव्हते. तरी तो नरम होता. म्हणजे तो बाजारात बिघडलेला नव्हता, बिघडूनच बाजारात गेला होता.

हा त्रास ज्यांना आहे त्यांनी बाकी काहीही बदलण्याआधी एवढं करा. प्रत्येक ट्रेमधला एक नग घरी जाळीवर उघडा ठेवा, शेजारी ट्रेच्या क्रमांकाची चिठ्ठी ठेवा, आणि घरातल्या कुणाला तरी साडेआठला, साडेनऊला आणि साडेदहाला तो दाबून पाहायला सांगा. तुम्ही बाजारात त्याच वेळी त्याच ट्रेमधला नग दाबा. दोन्हीकडचे सारखेच बिघडले तर दोष ओव्हनच्या आधीचा किंवा ओव्हनमधला. घरचा चांगला आणि बाजारातला खराब असेल तरच डबा, वाट आणि टेबल यांच्याकडे पाहायचं. छत्री आणि पेटीच्या खर्चाआधी मला हे कुणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं.

दुसरी गोष्ट, 'नरम' हा एक शब्द आपण दोन वेगळ्या बिघाडांना वापरतो. एकात क्रोसाँ तेलकट आणि जड होतो, मोडला तर आत मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी दिसत नाही, पावासारखा घट्ट गाभा दिसतो. दुसऱ्यात आत जाळी सुंदर असते, तेल सुटलेलं नसतं, फक्त वरचा कुरकुरीतपणा गेलेला असतो. पहिला बिघाड लोण्याचा, दुसरा पाण्याचा. माझ्याकडे दोन्ही एकत्र होते, म्हणून एकाचा उपाय केला की दुसऱ्यामुळे तो फसला असं वाटायचं.

तेलकट बिघाड: वाट पाहणारे ट्रे

चिठ्ठ्या लावल्यावर पहिल्याच रविवारी कळलं की तेलकट नग जवळजवळ सगळे चौथ्या आणि पाचव्या ट्रेमधले होते.

माझ्या ओटीजीत एका वेळी एक ट्रे, त्यात आठ नग. चाळीस नगांना पाच खेपा. एक खेप वीस-बावीस मिनिटं, मधे ओव्हन पुन्हा तापायला दोन-तीन मिनिटं, म्हणजे पंचवीस धरा. मी शनिवारी रात्री वळून फ्रिजमध्ये ठेवलेले पाचही ट्रे पहाटे दोनला एकदम बाहेर काढायची. फुगायला सव्वादोन तास धरले तर पहिला ट्रे सव्वाचारला ओव्हनमध्ये जायचा. पाचव्याची पाळी यायची पाच पंचावन्नला. म्हणजे तो तापलेल्या ओव्हनशेजारी, एकतीस अंशांच्या खोलीत, चार तास बसलेला असायचा.

लोणी एकदम वितळत नाही, पायरी-पायरीने सैल होत जातं. लाटताना ते तेरा ते सोळा अंशांच्या आसपास असावं, तेव्हा ते मोडतही नाही आणि पिठात मुरतही नाही, मेणासारखं वाकतं. बत्तीस ते पस्तीसच्या दरम्यान ते पूर्ण पातळ होतं, पण त्याच्या बऱ्याच आधी ते थरातून निसटून पिठात शिरायला लागतं. क्रोसाँचं सगळं गुपित हेच आहे की लोणी ओव्हनमध्ये जाईपर्यंत वेगळा थर म्हणून टिकलं पाहिजे. तिथे लोण्यातल्या आणि पिठातल्या पाण्याची वाफ होते, ती थर उचलते. थरच उरला नसेल तर वाफ उचलणार काय? पीठ लोण्यात तळल्यासारखं होतं, ट्रेवर तुपाचं तळं साचतं आणि क्रोसाँचा तळवा पुरीसारखा दिसतो. ओव्हनमधून काढताना ट्रेवर असं तळं दिसलं तर निदान तिथेच झालं.

मधले रविवार चांगले का जायचे, त्याचं उत्तरही यातच होतं. वही काढून पाहिली. त्या दिवशी मी चोवीसच नग केले होते, घरी पाहुणे, लग्नकार्य अशा काहीतरी कारणाने. तीनच ट्रे, म्हणजे फार वाट पाहायची पाळी कुणावर आलीच नव्हती. मी त्याचं श्रेय नव्या छत्रीला देत होते.

आता ट्रे पंचवीस-पंचवीस मिनिटांच्या अंतराने फ्रिजबाहेर येतात: दोन, दोन पंचवीस, दोन पन्नास, सव्वातीन, तीन चाळीस. प्रत्येकाला सारखेच सव्वादोन तास मिळतात. फुगायची जागाही बदलली. ट्रे बेडरूममध्ये जातात, एसी पंचवीसवर, प्रत्येक ट्रे मोठ्या स्वच्छ प्लास्टिक पिशवीत सैल झाकलेला, कारण एसीची कोरडी हवा पिठावर साय धरवते आणि मग ते फुगताना फाटतं. एसी नसेल तर थर्माकोलचा मोठा खोका चालतो. तळाशी टॉवेलात गुंडाळलेली गोठवलेली पाण्याची बाटली आणि आत एक साधा थर्मामीटर. चोवीस ते सव्वीस अंश राहिले पाहिजेत. डिसेंबर-जानेवारीत उलट करायचं, त्याच खोक्यात कोमट पाण्याची वाटी. कोमट म्हणजे कोमटच, वाफाळतं पाणी ठेवलं तर उन्हाळा खोक्यात आणल्यासारखं होईल.

ट्रे हलकेच हलवला की क्रोसाँ थरथरले आणि कडेने थर सुटे दिसले की ते तयार. वर चकचकीत तुपाचे बारीक मणी दिसले तर घाबरू नका. ट्रे पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा आणि थेट ओव्हनमध्ये घाला. सगळे वाचत नाहीत, पण बरेच वाचतात.

लाटण आणि लोणी

पहिल्या तीन ट्रेमधलेही नग तेलकट होत असतील तर मागे, शनिवारच्या लाटणाकडे जावं लागेल. पिठात लोण्याचा थर गुंडाळून लाटायचं आणि घडी घालायची, हे पुन्हा पुन्हा करायचं असतं. पुस्तकातली नेहमीची रीत तीन साध्या, म्हणजे तिपदरी, घड्यांची, तीन गुणिले तीन गुणिले तीन, लोण्याचे सत्तावीस थर. आपल्या उन्हाळ्यात मी ती सोडून दिली. एक चौपदरी आणि एक तिपदरी घडी घालते, बारा थर. थर जाड राहतात, लाटण्याची एक फेरी वाचते, म्हणजे पीठ बाहेर राहण्याची दहा-बारा मिनिटं वाचतात. आतली जाळी उलट जास्त मोकळी येते. सत्तावीस थरांचा हट्ट डिसेंबरात करावा.

ओट्याच्या काळ्या ग्रॅनाइटवर लाटण्याआधी बर्फाचं पाणी भरलेली परात वीस मिनिटं ठेवते आणि मग कोरडं पुसते. दोन घड्यांच्या मधे पीठ एक तास फ्रिजमध्ये. लाटताना लोणी पिठाखालून पिवळं चमकायला लागलं की लाटणं खाली ठेवायचं, त्या क्षणी थोडं आणखी ओढायचा मोह फार महागात पडतो.

लोण्याबद्दल विचारणारे बरेच असतात, त्यांच्यासाठी थोडं. घरी विरजण घुसळून काढलेलं लोणी यासाठी वापरू नका. मला ते खायला सगळ्यात जास्त आवडतं, पण त्यात ताकाचं पाणी कुठे जास्त, कुठे कमी असतं, आणि लाटताना ते पाणी सुटून पीठ चिकट होतं. टेबल बटरमध्ये किमान ऐंशी टक्के दुधाची चरबी असावी असा आपला नियम आहे. फ्रान्समध्ये यासाठी बऱ्याचदा ब्याऐंशी ते चौऱ्याऐंशी टक्क्यांचं कोरडं लोणी घेतात. आपल्याला बिनमिठाचं, निदान ऐंशी टक्क्यांचं, पूर्ण गार केलेलं बटर पुरतं.

आणि खारीचा प्रश्न. दर रविवारी कुणीतरी म्हणतं, "हे खारीचंच भावंड की." बरोबरच आहे, दोन्ही पदर घालून होतात. पण बेकरीतली खारी बहुधा वनस्पती किंवा पेस्ट्री मार्जरीनवर होते. ती चरबी लोण्यापेक्षा जास्त उष्णतेतही घट्ट राहते, म्हणून आपल्या मे महिन्यात खारी डगमगत नाही. मग क्रोसाँतही तीच का नको? करू शकता. फ्रान्समध्येही लोण्याचा क्रोसाँ वेगळा आणि 'साधा' क्रोसाँ वेगळा असतो. साध्यात मार्जरीन असतं, आणि बरेच बेकरीवाले लोण्याचा सरळ तर साधा चंद्रकोरीसारखा वाकवून ठेवतात, म्हणजे गिऱ्हाईकाला न विचारता कळतं. मार्जरीन घ्याल तर ट्रान्स फॅट पाहून घ्या, २०२२ पासून त्याची मर्यादा दोन टक्के आहे. आणि पाटीवर तसं लिहा. लोण्याचे पैसे घेऊन मार्जरीन देणं मला मुळीच मान्य नाही. बाजारात आपल्यासमोर उभं राहून, आपल्या तोंडाकडे बघून विश्वासाने घेणारी माणसं असतात.

पाण्याचा बिघाड: कच्चट भाजणं

ट्रेचं गणित सुधारलं तेव्हा तेल सुटणं थांबलं, पण घरचा साक्षीदार साडेनऊपर्यंत तरीही मऊ पडायचा. आत जाळी छान, तळवा कोरडा, फक्त कुरकुरी गायब. हे कोडं सुटायला आणखी तीन रविवार गेले.

कारण दोन निघाली. ओव्हनमध्ये वेगळा थर्मामीटर टांगून पाहिला तर बटण दोनशेवर असताना आत एकशे पंचाहत्तर होते. आणि दुसरं कारण मी स्वतः. टेबलावर कुणी "करपलंय का?" विचारलं की मला लागायचं, म्हणून मी फिकट सोनेरी झाले की काढून घ्यायची. फिकट क्रोसाँच्या पोटात पाणी राहतं. बाहेरचा पापुद्रा कोरडा, आतला गाभा ओला, मग ते पाणी हळूहळू बाहेर सरकतं आणि दोन-तीन तासांत पापुद्रा मऊ होतो. हवेचा यात काही संबंध नाही. आपल्या उन्हाळ्याची हवा इतकी कोरडी असते की उघड्यावरची वस्तू उलट कडक व्हायला हवी.

यावर सगळ्यात भरवशाचा उपाय वजनकाटा. माझा कच्चा नग ७२ ग्रॅमचा असतो. जे मऊ पडायचे ते भाजल्यावर ६६ भरायचे. आता ६२ झाल्याशिवाय ट्रे बाहेर येत नाही. पहिली दहा मिनिटं खरे दोनशे अंश, मग एकशे ऐंशीवर दहा-बारा. रंग गडद तपकिरी, शेंगदाणा खमंग भाजल्यावर त्याच्या सालाचा येतो तसा.

रंगावर भरवसा न ठेवण्याचं आणखी एक कारण आपल्या गावात आहे. माझं निम्मं गिऱ्हाईक "अंडं हाय का?" असं विचारूनच पुढे येतं. त्यांच्यासाठी दोन ट्रे वरून अंड्याऐवजी दूध आणि थोडी साय लावून करते. दुधाच्या ट्रेला रंग वेगळा चढतो, कमी चकाकतो. रंग पाहून काढले तर एक ट्रे कच्चा आणि एक जास्त भाजलेला निघतो. वजन दोघांनाही एकच लागू. या दोन प्रकारांचे डबे, चिमटे आणि पाट्या वेगळ्या ठेवा. अंडं असलेल्या पाकिटावर चौकोनातला तपकिरी त्रिकोण आणि बिनअंड्याच्या पाकिटावर हिरवा ठिपका लावा. अन्नसुरक्षेच्या नोंदणीचा चौदा अंकी क्रमांकही तिथेच येतो. ती नोंदणी घरगुती धंद्यालाही लागते आणि ती करून घेणं अवघड नाही.

गडद रंगावर शंका घेणाऱ्याला मी आता काही समजावत बसत नाही. एक नग सुरीने उभा कापून थाळीत ठेवलेला असतो. आतली पोकळ, लोण्याच्या रंगाची जाळी दिसली की प्रश्न संपतो.

डबा: अक्कांची भाकरी

घरचा साक्षीदार साडेदहालाही कुरकुरीत राहायला लागला, तेव्हा बाजारातल्या नगांचा खरा हिशेब सुरू झाला. ते अजून थोडे मऊ होते. उत्तर शेजारच्या टेबलावर होतं. मी अक्कांना विचारलं की तुमच्या भाकऱ्या एकावर एक रचूनही कडक कशा राहतात. त्या म्हणाल्या, "भाजली की चुलीच्या कडंला उभी करायची. दोन्ही अंगानं वाफ गेली पाहिजे. घाई करून रचली की खालची भिजलीच म्हणून समज."

मी क्रोसाँ गरम ट्रेवरच ठेवून वरून कापड घालायची. तळव्याची वाफ ट्रे आणि पिठाच्या मधे अडकायची. आता ओव्हनमधून काढताच जाळीवर, जाळीखाली हवा खेळेल इतकी जागा, निदान पाऊण तास. पाचवा ट्रे सव्वासहाला निघतो, सातला गार होतो, सात-दहाला मी घर सोडते. तळहात पाठीवर ठेवला आणि जरासुद्धा ऊब लागली तर तो नग डब्यात जात नाही.

डबाही बदलला. झाकणाचा प्लास्टिक डबा नाही, फळबाजारातली भोकांची क्रेट, स्वच्छ धुवून उन्हात वाळवलेली. आत बटर पेपर, एकच थर, वर पातळ सुती कापड. रद्दीचा कागद अजिबात नको, लोणी छपाईची शाई ओढून घेतं.

टेबल

इथे आता थोडंच उरतं. टेबल असं लावा की सकाळचं ऊन तुमच्या पाठीला लागेल, मालाला नाही. डोक्यावर निळी-काळी ताडपत्री असेल तर तिच्याखाली पांढरं कापड एक वीत अंतर ठेवून बांधा, तापलेली ताडपत्री खालच्या वस्तूवर आच टाकते. माश्यांसाठी काचेऐवजी जाळीचं झाकण.

आणि आपल्या गावचा टेरी टॉवेल. मोठा टॉवेल ओला करून, पिळून, उन्हाच्या बाजूला पडद्यासारखा टांगायचा. कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडतं आणि मागची जागा कूलरसारखी गार होते. मालापासून तो दीड-दोन हात लांब हवा. मार्च ते मे याचा फार उपयोग होतो.

पाऊस सुरू झाला की टॉवेल घरी ठेवायचा. कारण जून लागला की सगळं उलटं होतं. उन्हाळ्यात शत्रू उष्णता, तेव्हा उघडं ठेवणं बरं. पावसाळ्यात शत्रू हवेतला दमटपणा, तेव्हा उघडा ठेवलेला पूर्ण भाजलेला क्रोसाँही तासाभरात मऊ पडतो. माझा जुलैचा बिघाड हा होता आणि मी त्यावर एप्रिलचे उपाय करत होते. जून ते सप्टेंबर मी टेबलावर सहाच नग मांडते, बाकीचे पूर्ण गार करून घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. आपल्याकडे पावसाचा मोठा भाग सप्टेंबरात पडतो, त्यामुळे गणपतीचे दिवस सगळ्यात अवघड. प्रत्येक पाकिटात मी एक चिठ्ठी घालते: तवा मंद आचेवर ठेवा, झाकण न घालता तीन-चार मिनिटं, एकदा उलटा. ओव्हन नसलेल्या घरातही कुरकुरी परत येते. मायक्रोवेव्हमध्ये मात्र तो चिवट होतो, तेही लिहिते.

जे बाजारात न्यायचंच नाही

एक्लेर आणि शू हे आतून पोकळ फ्रेंच पदार्थ, त्यांच्यात भरायचं दुधा-अंड्याचं क्रीम पाच अंशांच्या खाली राहिलं पाहिजे. पाच ते साठ अंशांमध्ये ते दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि हवा बत्तीसच्या वर असेल तर एकच तास. आपला बाजार साडेतीन तासांचा. मार्च ते जून मी क्रीमचा एकही पदार्थ नेत नाही, कितीही मागणी आली तरी. लहान मुलं खातात ते. इथे कुरकुरीचा प्रश्न नाही, पोट बिघडण्याचा आहे, आणि त्यावर टेबलावरचा कुठलाही उपाय मला पुरेसा वाटत नाही. ज्यांना न्यायचंच आहे त्यांनी हिवाळ्यात, बर्फाच्या डब्यात, आत थर्मामीटर ठेवून न्यावं आणि मागणी आल्यावरच बाहेर काढावं.

उन्हाळ्यासाठी साब्ले उत्तम, ती लोण्याची खुसखुशीत बिस्किटं हवाबंद डब्यात आठवडाभर टिकतात. फिनांसिए आणि मादलेन हे छोटे फ्रेंच केकही चांगले, मादलेन त्याच दिवशी संपवायचे. पामिए, म्हणजे साखरेत घोळवलेली पदरांची पानं, मेमध्ये काचेसारखी कडक राहतात, पण पावसाळ्यात वरची साखर हवेतलं पाणी ओढून चिकट होते, तेव्हा बंद.

उरलेल्यांचं काय

आता चाळीसातले तीन-चार उरतात, एकादशी रविवारी आली तर आठ-दहा. ते पुढच्या रविवारी तसेच विकायचे नाहीत. फ्रान्समध्ये कालच्या क्रोसाँचा बदामी क्रोसाँ करतात: मधून कापायचा, साखरेच्या हलक्या पाकात बुडवायचा, आत बदामाचं क्रीम भरून पुन्हा भाजायचा. मी दुपारी घरी आल्यावर उरलेले लगेच डीप फ्रीझरमध्ये टाकते आणि पुढच्या शनिवारी रात्री त्यांना असंच करते, फक्त बदामाऐवजी शेंगदाणा. भाजून, साल काढून केलेलं शंभर ग्रॅम कूट, शंभर ग्रॅम लोणी, शंभर ग्रॅम साखर, दोन अंडी, चिमूटभर मीठ. कूट अगदी बारीक करू नका, तेल सुटतं. एकशे सत्तर अंशांवर वीस मिनिटं, वरचं क्रीम कडेने तपकिरी होईपर्यंत.

पाकात बुडवलेला असल्यामुळे हा मुळातच मऊसर असतो, वर शेंगदाण्याचा कडक थर. त्यामुळे साडेदहाचं भय त्याला नाही. पाटीवर शेंगदाणा आणि अंडं दोन्ही ठळक लिहिलेलं असतं, शेंगदाणा न चालणारी माणसं असतात. शेंगदाणे अक्काच आणून देतात, चटणीसाठी भाजतात त्याच खेपेतले.